शीटमधल्या रिकाम्या ओळी: बेरीज अर्धवट का येते, आणि ओळी काढताना माणसं का गळतात

दसरा झाला की अमळनेर तालुक्यात खेडा खरेदीचे टेम्पो फिरायला लागतात, आणि महिन्याभरात माझ्याकडे त्याच त्या तक्रारी यायला लागतात. "ताई, शीटमध्ये बेरीज कमी येतेय." "सॉर्ट केलं, तरी निम्मी खाती तशीच." "फिल्टर लावला तर पातोंडा गावच दिसत नाही." सांगणारे वेगवेगळे, पण दुखणं एकच असतं. डेटाच्या मध्ये सोडलेल्या रिकाम्या ओळी.

मी कापूस व्यापाऱ्यांचे हिशेब एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये बसवून देते. हा त्रास इतक्या वेळा निस्तरला आहे की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. सूत्रं इथे देवनागरीत लिहिली आहेत, शीटमध्ये टाकताना ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत टाका.

आधी दुखणं जवळून बघू. उदाहरणापुरतं एक छोटं शीट घ्या. ए कॉलममध्ये तारीख, बी गाव, सी खातं, डी वजन क्विंटलमध्ये, ई भाव, एफ रक्कम, जी उचल, एच बाकी. पहिल्या ओळीत ही नावं आणि खाली नोंदी:

ओळ २: ४ नोव्हेंबर, मारवड, खातं ४१, ६.२०, ७१००, ४४०२०, उचल १००००, बाकी ३४०२०
ओळ ३: ४ नोव्हेंबर, गाव रिकामं, खातं १७, ३.५०, ७१००, २४८५०, उचल रिकामी, बाकी २४८५०
ओळ ४: काहीच नाही
ओळ ५: ४ नोव्हेंबर, पातोंडा, खातं ५२, ८.००, ७०५०, ५६४००, उचल रिकामी, बाकी ५६४००

वजनाची खरी बेरीज १७.७०. पण डी ६ मध्ये जाऊन ऑटोसमचं बटण दाबलं की उत्तर येतं ८.००. ऑटोसम खालून वर बघत जातो आणि पहिला रिकामा सेल लागला की थांबतो. चौथी ओळ त्याच्यासाठी गावकूस आहे, पलीकडे मारवड आहे हे त्याला कळतच नाही. साधारण पाच क्विंटल कापसाला १७० किलो रुईची एक गाठ पडते. आपल्या या चार ओळींच्या शीटमध्येच जवळजवळ दोन गाठींचा कापूस गायब झाला. अख्ख्या हंगामाच्या शीटमध्ये काय होत असेल ते बघा.

सॉर्ट, फिल्टर, पिव्होट या सगळ्यांचा स्वभाव असाच. तुम्ही एका सेलवर क्लिक करून हुकूम सोडता, तेव्हा एक्सेल स्वतःच अंदाज घेतं की डेटा कुठून कुठपर्यंत आहे. पूर्ण रिकामी ओळ किंवा पूर्ण रिकामा कॉलम आला की त्याच्या लेखी डेटा संपला. तुमच्या शीटमध्ये हेच झालंय का, हे तपासायला पाच सेकंद लागतात. वरच्या कुठल्याही नोंदीवर क्लिक करा आणि कंट्रोल धरून ए दाबा. रंग जिथपर्यंत पसरला तिथपर्यंतच एक्सेलला तुमचा डेटा दिसतोय. मधेच थांबला तर थांबलेल्या जागेच्या खालच्या ओळीकडे बघा, चोर तिथे आहे.

इथेच रिकाम्या कॉलमबद्दलही सांगते, कारण तो जास्त घातक आहे. रिकाम्या ओळीमुळे अर्धा डेटा सॉर्ट व्हायचा राहतो, पण त्यात बिघाड होत नाही. रिकामा कॉलम मधे असेल आणि डाव्या बाजूला सॉर्ट केलं, तर खाती हलतात आणि उजवीकडच्या रकमा जागच्या जागी राहतात. एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात, आणि एक्सेल एका शब्दानेही सावध करत नाही. शोभेसाठी सोडलेला कॉलम आजच काढून टाका.

आता मुद्द्याचं. या ओळी येतात कुठून?

मी ज्यांच्याकडे हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं ते एका व्यापाऱ्याचे मुनीम. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य लाल वहीत गेलं. वहीत एका गावाची खरेदी संपली की ते एक ओळ मोकळी सोडतात, दिवस संपला की दोन. गावाचं नाव एकदाच, पहिल्या खात्यासमोर लिहितात, पुढच्या खात्यांना ते आपोआप लागू होतं. वही वाचणाऱ्याला हे न सांगता कळतं. व्यापाऱ्याच्या पुतण्याने संगणक आणला तेव्हा आप्पांनी तीच शिस्त शीटमध्ये उतरवली. बेरीज चुकायला लागली तेव्हा त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "ताई, वहीमा तं बरोबर शे, मंग आठे कमी कसं येस?"

आप्पांचं काही चुकलं नव्हतं. वहीतली मोकळी ओळ रिकामी नसतेच. 'मारवड संपलं' हे ती सांगत असते. शीटला मात्र ओळीतलं मौन वाचता येत नाही, त्याला फक्त कॉलममध्ये लिहिलेलं कळतं. म्हणून रिकामी ओळ काढण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: ही ओळ काही सांगतेय का? सांगत असेल तर ते कॉलममध्ये लिहिल्याशिवाय सॉर्ट करू नका. आधी सॉर्ट केलं तर माहिती कायमची जाते. वरच्या उदाहरणात खातं १७ मारवडचं आहे हे ओळ २ वरून कळतं, तेही त्या क्रमात आहे तोवरच. ओळी काढून वजनाप्रमाणे सॉर्ट केलं की खातं १७ कुठल्या गावचं हे कोणी सांगू शकणार नाही.

बाकीच्या रिकाम्या ओळी मुक्या असतात. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलमध्ये दर पानाच्या शेवटी दोन-तीन ओळी सुटतात आणि कॉलमची नावं पुन्हा येतात. बँकेच्या उताऱ्यातही वरच्या पत्त्याखाली ओळ सुटलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली यादी चिकटवली की पाठवणाऱ्याने दिलेला प्रत्येक एंटर एक ओळ खातो. यांच्यात जपण्यासारखं काही नसतं. जाता जाता, कोणी पायथॉनने सीएसव्ही फाइल बनवत असेल आणि विंडोजवर ती उघडल्यावर एकाआड एक ओळ रिकामी येत असेल, तर फाइल उघडताना न्यूलाइन हा पर्याय रिकाम्या अवतरणचिन्हांचा द्या. तिथे ओळी काढत बसू नका, मुळातच त्या तयार होणार नाहीत.

ओळी काढताना घात कसा होतो

इंटरनेटवर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय असा: कॉलम निवडा, एफ ५ दाबा, स्पेशलमध्ये जाऊन ब्लँक्स निवडा, ओके करा, मग कंट्रोल आणि वजाचं चिन्ह दाबून 'एन्टायर रो' निवडा. दहा सेकंदांत सगळ्या रिकाम्या ओळी साफ. उपाय खोटा नाही. पण तो रिकामी ओळ शोधत नाही, रिकामा सेल शोधतो, आणि तो सेल ज्या ओळीत आहे ती अख्खी ओळ उडवतो.

त्याच पेढीवर पुतण्याने एका संध्याकाळी हे केलं. तो उचलीचा हिशेब बघत होता, त्यामुळे कर्सर जी कॉलममध्ये होता आणि त्याने तोच कॉलम निवडला. उचल सगळेच शेतकरी घेत नाहीत. ज्यांनी आगाऊ एक रुपया घेतला नाही, ज्यांचे पूर्ण पैसे व्यापाऱ्याकडे बाकी होते, नेमक्या त्यांच्याच ओळी उडाल्या. शीट छान घट्ट दिसत होतं, कुठे मोकळी जागा नाही. त्याने सेव्ह केलं आणि फाइल बंद केली. फाइल बंद झाली की अनडूही संपतो.

चार दिवसांनी कळमसऱ्याचे एक काका बाकी घ्यायला आले. यादीत त्यांचं खातं नव्हतं. काका काही बोलले नाहीत, फक्त खिशातून वजनाची घडी केलेली चिठ्ठी काढून गादीवर ठेवली. आप्पांनी वही उघडली, तिच्यात नोंद होती, आणि पैसे तिथल्या तिथे दिले गेले. पण वही नसती तर? मी त्या रात्री बसून वहीवरून सगळ्या ओळी परत भरल्या. तेव्हापासून हा उपाय मी कोणाला तोंडी सांगत नाही. करायचाच असेल तर समोर बसवून, आणि जो कॉलम खऱ्या नोंदीत कधीच रिकामा राहत नाही तोच निवडायला लावून. आमच्याकडे असा एकही कॉलम नाही. कापूस येऊन पडला पण काटा व्हायचा आहे, अशा ओळीत वजनही रिकामं असतं.

ओळी काढायची माझी पद्धत

वेळ थोडा जास्त लागतो, पण माणूस गळत नाही.

पहिल्यांदा शीटच्या खालच्या नावावर उजवं क्लिक करून त्याची प्रत करा आणि पुढचं सगळं प्रतीवर करा. मग ताळा घ्या. नोंदींच्या बाहेरच्या एखाद्या सेलमध्ये =सम(डी:डी) आणि =काउंट(डी:डी) लिहा. पूर्ण कॉलम दिल्यामुळे मधल्या रिकाम्या ओळी या बेरजेला अडवत नाहीत. उचलीसाठीही तेच, =सम(जी:जी). आलेले तीन आकडे कागदावर लिहून ठेवा. शीटमध्ये नको, कागदावरच, कारण शीट आता बदलणार आहे. आकडे लिहून झाले की ते सेल पुसून टाका. मधे गाववार 'एकूण' अशा ओळी असतील तर त्या आधीच काढा, नाहीतर वजन दोनदा मोजलं जाईल आणि ताळा काही जुळायचा नाही.

आता आय कॉलममध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा आहे. इथे बहुतेक जण अडकतात. पहिल्या सेलमध्ये सूत्र लिहून कोपऱ्यातल्या चौकोनावर दोनदा क्लिक करतात आणि ते पहिल्या रिकाम्या ओळीपाशी थांबतं. तिथेही तीच भिंत. म्हणून सूत्राच्या पट्टीच्या डावीकडे जो छोटा नेम बॉक्स असतो त्यात आय२:आय५०० असं टाइप करून एंटर करा. अख्खा पट्टा निवडला जाईल. (५०० च्या जागी तुमची शेवटची ओळ.) मग =रो() टाइप करून कंट्रोल धरून एंटर मारा. सगळ्या सेलमध्ये एकदम भरलं जाईल. लगेच तो पट्टा कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज म्हणून चिकटवा, म्हणजे क्रमांक पक्के होतील.

या क्रमांकांचे दोन फायदे आहेत. पुढे कितीही उलथापालथ झाली तरी आय कॉलमवर सॉर्ट केलं की मूळ वहीचा क्रम परत मिळतो. दुसरा फायदा माझ्या फार उशिरा लक्षात आला. आता कुठलीच ओळ पूर्ण रिकामी राहिली नाही, प्रत्येकीत निदान एक क्रमांक आहे. म्हणजे मधली भिंत पडली. आता कंट्रोल ए दाबून बघा, रंग थेट खालपर्यंत जाईल. फिल्टरही आता पूर्ण डेटाला लागेल. मात्र आय आणि डेटा यांच्यामध्ये रिकामा कॉलम असता कामा नये.

शेजारच्या जे कॉलममध्ये, तसाच पट्टा निवडून, =काउंटए(ए२:एच२) लिहा आणि कंट्रोल एंटर मारा. काउंट या शब्दाला चिकटून ए. ओळीतले किती सेल भरलेले आहेत ते हे सांगतं. आठही भरलेले असतील तर ८, काहीच नसेल तर ०. आय आणि जे या दोन्ही कॉलमना वर काहीतरी नाव द्या, मग फिल्टर लावा आणि जे मध्ये फक्त ० ठेवा. समोर आलेल्या ओळी डोळ्यांनी बघा, खरंच, एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवा. मग त्या निवडून उजव्या क्लिकने डिलीट रो करा आणि फिल्टर काढा. फिल्टर लावलेला असताना एक्सेल फक्त दिसणाऱ्या ओळी काढतं, लपलेल्यांना हात लावत नाही.

परत ताळा. तिन्ही आकडे कागदावरच्या आकड्यांशी पैशापर्यंत जुळले पाहिजेत. एक जरी हलला तरी प्रत टाकून द्या आणि पहिल्यापासून करा. "थोडासा फरक आहे, चालेल" असं इथे नसतं. तो थोडासा फरक कोणाचं तरी खातं असतं.

जे रिकामं दिसतं पण नसतं

आता तुम्ही म्हणाल, जे मध्ये ० येतच नाही, २ येतंय, आणि ओळ तर कोरी दिसतेय. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो.

बहुतेक वेळा कारण सूत्र असतं. रक्कम आणि बाकी या कॉलममध्ये कोणीतरी आधीच हजार ओळींपर्यंत सूत्र ओढून ठेवलेलं असतं, वजन नसेल तर काही दाखवू नको अशा अटीचं. दिसायला सेल कोरा, पण आत सूत्र आहे, म्हणून काउंटए त्याला भरलेला धरतं. रक्कम आणि बाकी दोन्हींत असं सूत्र असेल तर उत्तर बरोबर २ येतं. गंमत म्हणजे काउंटब्लँक हे फंक्शन त्याच सेलला रिकामं म्हणतं. दोघांची व्याख्याच वेगळी आहे, म्हणून एकाने मोजून दुसऱ्याने पडताळू नका.

दुसरं कारण स्पेस. अक्षर पुसायचं म्हणून लोक डिलीटऐवजी स्पेसबार दाबतात. सेल कोरा दिसतो, आत एक जागा बसलेली असते. तिसरं कारण याहून चिवट. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळी स्पेस येते, तिचा क्रमांक १६०. नेहमीची स्पेस ३२. ट्रिम हे फंक्शन ३२ वाली काढतं, १६० वालीला शिवतही नाही. शंका आली तर बाजूला =कोड(सी४) लिहून बघा. ३२ आलं तर साधी स्पेस, १६० आलं तर ही चिवट, आणि चूक दाखवली तर सेलमध्ये अक्षर काहीच नाही.

या सगळ्यांना एकत्र धरणारं सूत्र मी काउंटएच्या जागी वापरते:

=समप्रॉडक्ट(लेन(ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२:ई२,कॅर(१६०),""))))+लेन(ट्रिम(सबस्टिट्यूट(जी२,कॅर(१६०),"")))

लेन म्हणजे लेंग्थ या शब्दाची पहिली तीन अक्षरं, कॅर म्हणजे कॅरेक्टरची पहिली चार. हे सूत्र ओळीतल्या खऱ्या अक्षरांची संख्या मोजतं. ० आलं म्हणजे ओळ खरोखर कोरी. जुन्या एक्सेलमध्येही चालतं, गूगल शीट्समध्येही.

यात एफ आणि एच मुद्दाम वगळले आहेत, कारण ते सूत्राने भरतात आणि काही शीट्समध्ये तिथे कोरं न दिसता ० दिसतो. हाताने भरायचे कॉलम तेवढेच मोजायचे. जी मात्र वगळायचा नाही. आमच्याकडे कापूस यायच्या आधीच उचल दिली जाते, पेरणीला, नाहीतर घरात लग्न निघालं म्हणून. त्या ओळीत वजन नाही, भाव नाही, फक्त उचलीचा आकडा. घाईत कोणी तारीख आणि खातंही वरच्या ओळीतलंच धरलेलं असतं. ती ओळ उडाली तर यावेळी नुकसान व्यापाऱ्याचं. हिशेब दोन्हीकडून खरा राहायला हवा.

गावाचं नाव खाली भरणं

रिकाम्या ओळी गेल्या की उरतात रिकामे सेल, जसं खातं १७ समोरचं गाव. हे मात्र एफ ५ वाल्या उपायाने फार सुरेख होतं. बी कॉलममधला आपला पट्टा निवडा, एफ ५, स्पेशल, ब्लँक्स. रिकामे सेल निवडले गेले की कशावरही क्लिक न करता बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा आणि कंट्रोल एंटर मारा. प्रत्येक सेल आपल्या वरच्याचं नाव घेईल. मग कॉलम कॉपी करून व्हॅल्यूज म्हणून परत चिकटवा. हे विसरलात तर पुढच्या सॉर्टला सगळी गावं बदलतील, कारण आत अजून 'माझ्या वरचा' एवढंच लिहिलेलं आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिकाम्या ओळी, मग गावं. उलटं केलं तर रिकाम्या ओळींतही 'मारवड' भरलं जाईल, त्या ओळी रिकाम्या राहणार नाहीत, आणि मारवडला वजन नसलेली भुताची खाती तयार होतील. जोडलेले, म्हणजे मर्ज केलेले सेल असतील तर ते आधी सोडवा. नाव फक्त सगळ्यात वरच्या सेलमध्ये राहतं, बाकीचे कोरे होतात, मग वरचीच युक्ती.

पण प्रत्येक रिकामा सेल भरायचा नसतो. नंदुरबारला मिरचीच्या एका व्यापाऱ्याचं शीट बघत होते. ओली मिरची आली त्या दिवशी ओलं वजन लिहिलं जातं, मग मिरची पथारीवर पसरतात, आणि वाळली की सुकं वजन. मधल्या दिवसांत सुक्या वजनाचा कॉलम रिकामा. तिथल्या हिशेबनिसाने शीट 'स्वच्छ' दिसावं म्हणून त्या सगळ्या सेलमध्ये ० भरला होता. अ‍ॅव्हरेज हे फंक्शन रिकामा सेल सोडून देतं, पण ० ला मोजतं. सुक्या वजनाची सरासरी एकदम खाली आली आणि माल कोणी उचलतंय की काय अशी शंका पथारीवरच्या बायांवर आली. दिवसभर उन्हात मिरची हलवणाऱ्या बायांवर, एका शून्यामुळे. 'अजून नाही' आणि 'शून्य' यांत फार अंतर आहे. 'अजून नाही' असेल तर सेल रिकामाच ठेवा आणि शेजारी स्थितीचा एक कॉलम करून त्यात 'वाळतेय' असं लिहा.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या फाइलसाठी

तीच फाइल दर आठवड्याला येत असेल तर दरवेळी हाताने करू नका. एक्सेल २०१६ पासून डेटाच्या टॅबमध्ये पॉवर क्वेरी, म्हणजे फाइल आणून साफ करायची सोय, आतच मिळते. फाइल तिच्यात आणा, होममध्ये रिमूव्ह रोज, त्यात रिमूव्ह ब्लँक रोज. ही ओळ पूर्ण रिकामी असेल तरच काढते, एखादा सेल रिकामा आहे म्हणून नाही. स्पेस बसलेल्या ओळी मात्र तिच्या हातून सुटतात, म्हणून आधी सगळ्या कॉलमना ट्रिम लावा. गावासाठी तिथे फिल डाउन तयार आहे. पुढच्या वेळी नवी फाइल जुन्याच्या जागी ठेवून रिफ्रेश केलं की सगळ्या पायऱ्या परत चालतात, आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही.

गूगल शीट्समध्ये मी ओळी काढतच नाही. आप्पांचं शीट जसंच्या तसं राहू देते आणि दुसऱ्या शीटमध्ये फिल्टर फंक्शनने फक्त खातं भरलेल्या ओळी ओढून घेते. खात्याशिवाय नोंद करायची नाही, एवढं एक वळण त्यासाठी लावावं लागलं. फिल्टर फंक्शन एक्सेल २०२१ आणि ३६५ मध्येही आहे. काही जण क्वेरी फंक्शन वापरतात. त्यात एक सापळा आहे. एकाच कॉलममध्ये आकडे आणि अक्षरं मिसळलेली असतील तर क्वेरी ज्या प्रकारचं जास्त आहे ते धरते आणि दुसऱ्याला रिकामं मानते. खाती १२, १३, १४ आणि मधेच १२अ असेल, तर १२अ गायब. वाटणी झालेल्या भावांची खाती आमच्याकडे अशीच असतात. खात्याचा कॉलम आधीपासूनच प्लेन टेक्स्ट करून ठेवा.

डेटा संपल्यानंतरच्या रिकाम्या ओळींचा त्रास वेगळा आणि किरकोळ. फाइल जड होते, प्रिंटला कोरी पानं येतात. कंट्रोल एंड दाबून बघा, कर्सर डेटाच्या खूप खाली गेला तर तिथपर्यंतच्या ओळी निवडून पूर्ण डिलीट करा, नुसतं आतलं पुसू नका, आणि फाइल सेव्ह करा. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, त्यामुळे पूर्ण कॉलमभर सूत्र ओढलं की हा भार वाढतो.

आप्पांची मोकळी ओळ

राहिला आप्पांचा प्रश्न. ओळी काढलेलं शीट त्यांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की गाव कुठे संपलं ते दिसत नाही, डोळे थकतात. बरोबर होतं त्यांचं. रोज दोन-तीनशे ओळी वाचणाऱ्या माणसाला नजर टेकवायला जागा लागते.

म्हणून ए३ पासून एच५०० पर्यंतचा पट्टा निवडला, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये नवा नियम केला, सूत्राचा पर्याय घेतला आणि हे लिहिलं:

=अँड($बी३<>"",$ए३&$बी३<>$ए२&$बी२)

तारीख किंवा गाव वरच्या ओळीपेक्षा वेगळं असेल तिथे हा नियम लागू होतो. फॉरमॅटमध्ये वरच्या कडेला रेघ आणि ओळीला फिकट पिवळा रंग दिला. डॉलरचं चिन्ह फक्त अक्षराच्या आधी ठेवायचं, आकड्याच्या आधी नाही, नाहीतर प्रत्येक ओळीसाठी तिसरी ओळच तपासली जाते. मग सगळ्या ओळी निवडून उंची थोडी वाढवली. नवी नोंद आली, गाव बदललं, की रेघ आपोआप उमटते. कंट्रोल टी दाबून डेटाचं टेबल करून ठेवलं, म्हणजे शेवटच्या ओळीला लागून लिहिलं की टेबल स्वतः वाढतं. ओळ सोडून लिहिलं तर वाढत नाही, आणि टेबलचा रंग न आल्यामुळे आप्पांना लगेच कळतं की ओळ सुटली.

आप्पांनी चष्मा वर करून स्क्रीनवर मारवडपासून कळमसऱ्यापर्यंत बोट फिरवलं. "आते कसं मोकळं दिखस," म्हणाले, आणि वही मिटून ताळा जुळवायला बसले. वही ते अजून लिहितात. मी त्यांना थांबवलेलं नाही.